‘एक, एक, दोन’ कधी लावायचं, हे पहिलीपासून शिकवा

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
आणि बालभारतीत पहिली ते चौथीच्या पुस्तकांचं काम पाहणारे सर्व सदस्य

विषय : लहान मुलांना मदतीचा फोन कधी व कसा लावावा, हे शाळेत सरावानं शिकवण्याबाबत

महोदय / महोदया,

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, डोंगरावरच्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. तिथे मी पहिली-दुसरीचे वर्ग घेते. २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम नवा झाला आणि पुढच्या इयत्तांचं काम सुरू आहे, म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. पुस्तकं एकदा छापून शाळाशाळांत पोचली की पुढची काही वर्षं त्यांतलं पानही हलत नाही, हे आपण जाणताच.

माझं मागणं एकच आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मदतीचा फोन कधी लावायचा, कसा लावायचा आणि पलीकडून आवाज आल्यावर काय बोलायचं, हे शाळेनं शिकवावं. आणि वाचून, पाठ करून घेऊन नको. प्रत्यक्ष करून घ्यावं.

आमच्याकडे हे इतकं निकडीचं का, ते सांगते. पाटणमधली कितीतरी घरं मुंबईच्या कमाईवर चालतात. वडील माथाडीत नाहीतर कुठल्या गाळ्यावर, आई कधी तिकडे, कधी इथंच रोजानं शेतात. घरात राहतात आजी-आजोबा आणि नातवंडं. आजीला साखर, आजोबांना बीपी, एकाला दिसत कमी, दुसऱ्याला ऐकू कमी. दिवेलागणीपासून सकाळी उजाडेपर्यंत अशा घरात धडधाकट मोठं माणूस नसतंच. त्या वेळेत काही घडलं तर ते पाहणारं पहिलं माणूस सात वर्षांचं असतं. शहरातही निराळं नाही. नोकरी करणारे आई-वडील, बंद दाराचा फ्लॅट, आत नातवंड आणि आजोबा. तिथे शेजार भिंतीपलीकडे असतो, पण दाराची कडी आतून असते.

मागे आमच्या दुसरीतली एक मुलगी सकाळी शाळेत आली नाही. तिची आजी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली होती. पोरीनं हाका मारल्या, आजी उठेना. मग तिनं आजीच्या अंगावर गोधडी घातली, डोक्याखाली उशी सारली आणि शेजारी बसून राहिली. डेअरीचं दूध गोळा करणारा माणूस किटली न्यायला आला, त्यानं पाहिलं आणि धावाधाव झाली. आजीची साखर उतरली होती. रात्रीची गोळी घेतली होती, जेवण मात्र केलं नव्हतं. आजी वाचली. सगळा वेळ फोन कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता. मुलीला तो येत नव्हता असंही नाही. मुंबईला आईला रोज व्हिडिओ कॉल तीच लावून द्यायची.

काही दिवसांनी मी तिला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, ‘आजी निजली व्हती, बाई. आन फोनला हात लावला की मार बसतो.’

आमच्या शाळेच्या व्हरांड्याच्या भिंतीवर ११२, १०८ आणि १०९८ हे मदतीच्या फोनचे आकडे लाल ऑइलपेंटनं रंगवलेले आहेत. ही मुलगी रोज त्यांच्यासमोर उभी राहून प्रार्थना म्हणत होती. विचारलं असतं तर तिन्ही आकडे घडाघडा म्हणून दाखवले असते. आकडा माहीत असणं आणि तो आत्ता, या घडीला, आपणच लावायचा आहे हे कळणं, यांत फार मोठं अंतर आहे. आपण आजवर पहिल्यावर थांबलो. दुसरं शिकवायचंच राहून गेलं.

तिच्या त्या दोन वाक्यांत सगळं आलं आहे. झोप आणि शुद्ध हरपणं यांतला फरक तिला कुणी दाखवला नव्हता. आणि फोनला हात लावायची परवानगी तिला कधीच मिळाली नव्हती. या दुसऱ्या गोष्टीकडे मी आपलं खास लक्ष वेधते. आपल्या घरांत लहान मुलांना फोन मिळतो तो कार्टूनपुरता, नाहीतर जेवण भरवताना. एरवी ‘ठेव तो खाली’ हेच कानावर पडतं. मोठ्यांच्या कामात मध्ये बोलायचं नाही, विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हेही आपणच शिकवतो, आणि एरवी ते बरोबरच आहे. पण मग अमुक वेळी विचारायचं नाही, थेट फोन उचलायचा, त्यासाठी कुणीही रागावणार नाही, हेही मोठ्यांनीच आधी तोंडानं सांगून ठेवायला हवं. ही परवानगी ऐनवेळी मिळू शकत नाही, कारण देणारा माणूसच खाली पडलेला असतो.

त्यानंतर आमच्या वर्गात आम्ही एक खेळ सुरू केला. खिडकीची भिंत म्हणजे ‘फोन लाव’, फळ्याची भिंत म्हणजे ‘मोठ्यांना सांग’. मी छोटी गोष्ट सांगते, मुलांनी पळत जाऊन योग्य त्या भिंतीला हात लावायचा. मनीमाऊ झाडावर अडकली: सगळी फळ्याकडे. दादा चेंडू देत नाही: फळ्याकडे, एखादं पोर मुद्दाम खिडकीकडे. आई विहिरीवर घसरली, डोक्यातून रक्त येतंय, फडकं दाबलं तरी थांबत नाही: खिडकी. मग मी विचारलं, ‘आजोबा चहा पिताहेत, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, चहा ओघळतोय, बोलताहेत ते काही कळत नाही.’ वर्गात हशा पिकला. दोघातिघांनी वाकडं तोंड करूनही दाखवलं. एक मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, ‘आमच्या आबांचं असंच झालं हुतं. सगळी म्हणली, भुताटकी हाय.’ त्या दिवशी पुढचा सगळा तास त्याच गोष्टीवर गेला. अर्धांगवायूचा झटका आल्यावर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमच्या वस्तीवरून गाडी मिळवून कराड गाठायचं म्हणजे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. घरात हसण्यात, देव्हाऱ्यापुढे अंगारा लावण्यात किंवा ‘जरा पडून राहा, बरं वाटेल’ म्हणण्यात एक तास गेला, तर तो तास परत मिळत नाही. सात वर्षांच्या मुलाला गुठळी समजायची गरज नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, एवढं दिसलं की फोन, एवढं त्याला पक्कं कळतं. मी ते वर्गात पाहिलं आहे.

त्या खेळातून आमच्याकडे एक कसोटी तयार झाली. मूल ती स्वतःच्या शब्दांत सांगतं: ‘हाक मारली, हलवलं, तरी उठत नाही. किंवा श्वास घेता येत नाही. किंवा रक्त थांबत नाही. किंवा आग, पाणी, साप, करंट. आणि जवळ मदत करणारं मोठं माणूस नाही.’ शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. मोठं माणूस जवळ असेल तर आधी ओरडून त्याला बोलवायचं. नसेल, किंवा मोठं माणूसच पडलं असेल, तर फोन. आणि कळत नसेल, गोंधळ उडाला असेल, तरीही फोन. खरंच गाडी पाठवायची की नाही, ते पलीकडचा माणूस ठरवील. मुलावर ते ओझं टाकू नये.

सापाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या भागात पावसाळा म्हणजे साप. नागाचा, घोणसाचा दंश झाला तर बहुतेक वेळा दुखतं, सूज येते, घरात आरडाओरड होते. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री येते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा ना वेदना, ना नीट दिसणारी खूण. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं, रात्रीचं काहीतरी बाधलं. शेजारी झोपलेल्या नातवाला जर माहीत असेल की ‘सकाळी आजीचे डोळे उघडत नाहीत, मान धरवत नाही’ ही फोन लावायची गोष्ट आहे, तर ती वेळेत प्रतिविष मिळेल तिथे पोचू शकते. विंचू आणि सर्पदंशावर महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी आयुष्यभर काम केलं. त्या कामाचा फायदा शेवटच्या वस्तीपर्यंत पोचायचा तर पेशंट आधी दवाखान्यापर्यंत पोचायला हवा, आणि त्यासाठी घरात कुणीतरी ओळखायला हवं.

आता फोनबद्दल. इथे पुस्तक लिहिणाऱ्यांना काही बारीक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वर्गात उभं राहिल्याशिवाय त्या लक्षात येत नाहीत.

‘एकशे आठ’ लिहा म्हटलं की पहिलीतली कितीतरी मुलं १००८ लिहितात. हे प्रत्येक शिक्षिकेला माहीत आहे. स्थानिक किंमत कळेपर्यंत तसं होणारच. मग ‘एकशे बारा’ ऐकलेलं मूल फोनवर १००१२ दाबणार नाही कशावरून? म्हणून पुस्तकात, भिंतीवर, परिपाठात हा क्रमांक ‘एक, एक, दोन’ असाच म्हणवून घ्यावा. अमेरिकेत १९६८ मध्ये ९११ हा क्रमांक सुरू झाला. तिथेही लहान मुलांना तो ‘नऊ, एक, एक’ असा सुटा शिकवतात, कारण ‘अकरा’ म्हटलं की मूल बटणांमध्ये अकरा शोधत बसतं. आमच्या मुलांसाठी आणखी एक पायरी आहे. ती पहिलीत देवनागरी अंक गिरवतात आणि मोबाइलच्या पडद्यावर अंक इंग्रजी असतात. म्हणून चित्रात खराखुरा कीपॅड दाखवा, आणि बोट कुठल्या कोपऱ्यापासून कुठे जातं तेही दाखवा.

लहान मुलांना क्रमांकही एकच द्यावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते आणि मोठ्यांच्या तोंडी तोच क्रमांक आहे. तो असू दे. पण आग असेल तर हा, अपघात असेल तर तो, चोर आला तर आणखी तिसरा, अशी यादी सहा वर्षांच्या डोक्यात ठरत नाही. २०२१ पासून राज्यात ११२ सुरू आहे. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांतलं काहीही हवं असलं तरी तो चालतो. मुलानं तेवढा एकच ध्यानात ठेवावा. बाकीचे क्रमांक तिसरी-चौथीत आले तरी चालतील.

घरातला फोन लॉक असतो, आणि मुलाला तो उघडता येत नसला तरी अडत नाही. लॉकच्या पडद्यावरच आणीबाणीच्या कॉलची जागा असते. मुलाला ती वाचता येणार नाही, पण एकदा त्याच्याच घरातल्या फोनवर बोट ठेवून दाखवली की लक्षात राहते. २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये मदतीचं बटण असणं सक्तीचं आहे. टचस्क्रीनच्या फोनमध्ये बाजूचं पॉवरचं बटण पटापट दाबलं की कॉल जातो. किती वेळा दाबायचं ते फोनगणिक वेगळं असू शकतं, म्हणून पालकांनी एकदा आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावं. आमच्या आज्यांकडे असतो तो बटणांचा फोन. त्यात ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं अशी सोय नियमांतच आहे. किती घरांना हे माहीत आहे? पालकसभेला मी जेव्हा जेव्हा विचारते, तेव्हा हात वर होतच नाहीत.

मग बोलणं. लहान मूल फोनवर मान डोलावतं. ‘आजी श्वास घेतेय का?’ विचारलं की ते ‘हो’ अशी मान हलवतं आणि पलीकडच्याला ऐकू येते फक्त शांतता. व्हिडिओ कॉलवर वाढलेल्या मुलांत तर हे फारच. म्हणून आम्ही सराव करताना एकमेकांकडे पाठ करून बसतो. मी ११२ वरची ताई, मूल पुठ्ठ्याच्या फोनवर. समोरासमोर बसलं की मुलं हातानं दाखवतात, ‘इथं लागलंय’ म्हणतात. पाठ केली की दोन-तीन प्रश्नांतच त्यांना उमगतं की या ताईला काही दिसत नाही, सगळं सांगावं लागणार.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पत्त्यावर. ‘कुठून बोलतोस?’ ‘घरातनं.’ ‘घर कुठं आहे?’ ‘आमच्या वस्तीवर.’ हे उत्तर आमच्यात पुरतं, कारण आम्ही एकमेकांना ओळखतो. पण ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे निरोप जातो. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव ही नावं महाराष्ट्रात किती ठिकाणी आहेत! फोनवरून ठिकाणाचा अंदाज त्यांना मिळतो, तरी डोंगरात एकाच टॉवरखाली कितीतरी वाड्या येतात. म्हणून आमची मुलं पाच गोष्टी एका दमात म्हणतात: वस्ती, गाव, तालुका, जिल्हा आणि एक खूण. खूण मुलांनीच निवडायची. एकाची ‘पिंपळाच्या पाराजवळ, पाण्याच्या टाकीखाली’, दुसरीची ‘एसटी वळते तिथं, निळं दार’. मोठ्यांपेक्षा मुलांच्या खुणा नेमक्या असतात, असं मला आढळलं. हाच पत्ता एका कागदावर लिहून फोन ठेवतात त्या कोनाड्यापाशी चिकटवायचा, म्हणजे घाबरलेलं मूल निदान वाचू तरी शकेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा इथे वेगळा विचार व्हायला हवा. बीडकडची, अहिल्यानगरकडची ही मुलं दिवाळीनंतर कारखान्याच्या भागात कोपीवर राहतात, फड बदलला की गाव बदलतं. आई-वडील पहाटे कोयता घेऊन निघतात आणि आठ वर्षांची ताई दोन वर्षांच्या भावाला सांभाळते. तिला स्वतःच्या गावाचा पत्ता पाठ असून काय उपयोग? ‘आज आपण कुठल्या शिवारात आहोत, कारखाना कुठला, मुकादमाचं नाव काय’ हे रोज विचारून ठेवायची सवय त्या मुलांना लावायला हवी. हंगामी वसतिगृहांत आणि साखरशाळांत हे शिकवता येईल.

फोनच्या आधीची एक गोष्ट राहिली. आधी स्वतः सुरक्षित व्हायचं, मग फोन. घरात धूर झाला तर फोन शोधायला आत थांबायचं नाही. बाहेर पळायचं आणि शेजारच्या फोनवरून लावायचं. शेततळ्यात कुणी पडलं तर आपण उतरायचं नाही. प्लॅस्टिकच्या त्या उतारावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. ओरडायचं, दोर, ओढणी, रिकामा कॅन जे मिळेल ते टाकायचं. मोटारीच्या वायरला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, मग ते बाबा का असेनात. हे सांगताना माझा घसा दाटतो, कारण बाबांना हात लावू नको हे मुलाला सांगणं सोपं नाही. तरी सांगावंच लागतं. एकाला सोडवायला गेलेला दुसराही गेला, असं आपल्या शिवारांत वरचेवर घडतं.

रेंजचा प्रश्न आहेच. जुलै २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज, टॉवर, रस्ता यांतल्या कशाचाच भरवसा धरता येत नाही. म्हणून गावात फोनच्या बरोबरीनं हाकही शिकवायची. थाळी वाजवा, शिट्टी फुंका, सगळ्यात जवळच्या घराकडे पळा. रेंज कुठे येते ते मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. पावसात आणि अंधारात तिथे जायचं की नाही, एवढं मात्र आधी ठरवून द्यावं.

एक विषय मी टाळणार नाही. ‘कधी फोन लावायचा’ हा खेळ चालू असताना एखादं मूल हळूच विचारतं, ‘बाबा दारू पिऊन आईला मारतात, तेव्हा लावायचा का?’ वर्ग एकदम गप्प होतो, कारण बऱ्याच जणांना तो प्रश्न आपला वाटतो. घरातली गोष्ट बाहेर काढायची नाही, हे मुलं कुणी न शिकवताच शिकलेली असतात. माझं उत्तर ‘हो’ असतं. आईला लागतंय, जिवावर बेततंय असं वाटलं की बाहेर निघ, शेजारच्या मावशीकडे जा आणि लाव. १०९८ हा मुलांचा स्वतःचा क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज ११२ शीही जोडलेली आहे, आणि रात्री-अपरात्रीही तिथे मुलांचं ऐकून घेतलं जातं. पण असं उत्तर देणाऱ्या शिक्षिकेच्या पाठीशी कुणीतरी उभं राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा बाप शाळेत येऊन ‘माझ्या पोराला काय शिकवता’ म्हणून दरडावतो, तेव्हा ती एकटीच असते. आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत हा प्रश्न आणि त्याचं उत्तर स्पष्ट छापलेलं असेल, तर तिला ते दाखवता येईल. माझ्या लेखी या सगळ्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे.

हे सगळं केलं तर मुलं उगाच फोन लावत सुटतील, ही शंका मला दर वेळी ऐकायला मिळते. नियंत्रण कक्षाला खोट्या आणि मुक्या फोनांचा त्रास होतो, हे खरं आहे. पण खेळता खेळता फोन लागतो तो न शिकवलेल्या मुलांकडून. पलीकडे खरं माणूस आहे, ते एका मुलाशी बोलत असताना दुसऱ्या कुणाची आजी थांबलेली असू शकते, हे एकदा कळलं की मुलं त्या आकड्याचा मान ठेवतात. सराव पुठ्ठ्याच्या फोनवर किंवा बंद पडलेल्या जुन्या मोबाइलवरच करायचा. आणि चुकून लागलाच तर घाबरून कापायचा नाही; ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ असं सांगून मग ठेवायचा. हे वाक्यही आम्ही पाठ करून घेतो.

फोन उचलणाऱ्यांसाठीही एक विनंती आहे. आपण ती पोलीस विभागापर्यंत पोचवावी. लहान आवाज आला की ‘घरात मोठं कोण आहे, त्यांच्याकडे फोन दे’ असं म्हणणं अगदी स्वाभाविक आहे. पण ज्या मुलाकडे देण्याजोगं मोठं माणूसच नाही, ते तिथेच अडतं आणि फोन ठेवून देतं. त्याऐवजी ‘तू फोन केलास, चांगलं केलंस. काय झालंय ते सांग’ असं पहिलं वाक्य असावं. आणि प्रश्न एका वेळी एक. एकेका शाळेनं आपल्या पोलीस ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांना वर्गात बोलावलं तर दोन्ही बाजूंची भीड चेपेल; मुलांना खाकीची आणि त्यांना मुलांच्या बोलण्याची.

आमच्या तालुक्याला सरावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या आठवणी अजून घरोघर आहेत. जमीन हलली की बाकाखाली जायचं, मग मोकळ्या मैदानात यायचं, हे आमची पहिलीतली मुलंही न सांगता करतात, कारण ती ते अनेकदा करून बसलेली आहेत. मदतीच्या फोनचंही तसंच व्हावं.

आपल्याकडून मला हवं आहे ते असं. पहिली-दुसरीला धडा नको. भाषेच्या तासाला संवादाचा खेळ आणि एक कीपॅडचं चित्र पुरेसं आहे. तिसरीत परिसर अभ्यासात नकाशा शिकवता, तिथेच स्वतःच्या घराचा पत्ता आणि खूण येऊ द्या. चौथीत रक्त थांबवणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं एवढं येऊ द्या. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याचं (सीपीआरचं) शिक्षण बारा वर्षांच्या आसपास सुरू करावं, अशी शिफारस जगभरातल्या तज्ज्ञांनी केलेली आहे. लहानग्यांवर ते लादू नये, त्यांनी फक्त फोन करावा. सराव वर्षातून एकदा करून भागत नाही. सुट्टीहून आलेली मुलं सगळं विसरलेली असतात, म्हणून जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर पुन्हा. शिक्षकांचं प्रशिक्षण आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत एका दुपारी होऊ शकतं. पालकांशी बोलायला शाळापूर्व तयारीचा मेळावा आहेच. तिथे आई किंवा आजीनं मुलाच्या डोळ्यांत बघून ‘तू फोन लावलास तर मी रागावणार नाही’ एवढं म्हणावं, आणि फोनच्या लॉकवरची ती जागा त्याला दाखवावी. अंगणवाडीत मात्र स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगता आलं तरी खूप झालं.

आणि हात जोडून एक विनंती: याला गुण देऊ नका, फोटो अपलोड करायची लिंक काढू नका. लिंक आली की उपक्रम फोटोपुरता होतो, हे आम्ही शिक्षक रोज अनुभवतो.

आमच्या वर्गात वापरतो त्या गोष्टी, पुठ्ठ्याच्या फोनचा नमुना आणि पत्त्याच्या कागदाचा मसुदा मी परिषदेच्या कार्यालयाकडे टपालानं पाठवत आहे. ते जसंच्या तसं घ्यावं असा आग्रह नाही. माझ्या गोष्टींत मण्यार आहे आणि दरड आहे. विदर्भातल्या शिक्षिकेच्या गोष्टींत उन्हानं भोवळ आलेले आजोबा असतील, रत्नागिरीच्या शिक्षिकेच्या गोष्टींत खाडीचं पाणी असेल, मुंबईतल्या शिक्षिकेच्या गोष्टींत गॅसचा वास आणि आतून लागलेली कडी असेल. प्रत्येक जिल्ह्याच्या शिक्षकांकडून त्या मागवून घ्या. बोलावलंत तर त्या निवडायला बसण्यासाठी मी पुण्याला येईन.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
पाटण तालुका, जि. सातारा